कारणाचा रकाना

वहीपूजन चार दिवसांवर आलंय आणि मे महिन्यातल्या ऋषिकेशच्या सहलीचा हिशेब अजून बंद झालेला नाही. डिझेल, टोल, कॅम्प, ड्रायव्हरचा भत्ता, सगळं जुळलंय. एका प्रवाशाला राफ्टिंगचे हजार रुपये परत दिले, त्यापुढचा 'कारण' हा रकाना तेवढा कोरा आहे. वही बायको लिहिते. "काय घालू?" असं तिने दहा वेळा विचारलं असेल. मी दर वेळी म्हणतो, उद्या सांगतो.

ग्वाल्हेरात, लष्कर नावाच्या भागात, माझा लहान सहलींचा धंदा आहे. सतरा सीटांची ट्रॅव्हलर आणि बहुतेक आपलीच माणसं, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी बोलणारी. सहल म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे नदी न्‌ डोंगर येतात. माझ्या डोळ्यांपुढे टायर आणि संडास येतात. संडासाचं सोडा, टायरचं सांगतो.

मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. आग्र्यानंतर लागतो यमुना एक्सप्रेसवे. २०१२ साली सुरू झालेला, १६५ किलोमीटर, सगळा सिमेंटचा. भर दुपारी त्या तव्यावर गाडी पळवली की कमजोर टायर दगा देतो. लोकांना वाटतं, उन्हाळा आहे तर हवा जरा कमी भरावी. तिथेच चुकतं. हवा कमी असली की टायरची बाजू सारखी दुमडते आणि त्या दुमडण्यानेच तो आतून तापतो. हवा मोजायची ती टायर थंड असताना, निघायच्या आधी. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही शाबूत असो, पाच वर्षांवरचा टायर माझ्या गाडीला लागत नाही. आणि उन्हाळ्यात मी रात्री नऊलाच निघतो. चंबळचा पूल काळोखात, एक्सप्रेसवे मध्यरात्री, सकाळी आठ-नऊला ऋषिकेश. बारा वर्षांत एकदाही टायर फुटलेला नाही. हे कोणी न विचारताही मी सांगतो. या खेपेला याच फुशारकीने मला खिंडीत गाठलं.

पंधरा माणसं होती. त्यात सोयरीक जुळलेली दोन घरं. साखरपुडा झालेला, लग्न मार्गशीर्षात. मुलगी चोवीस-पंचवीसची, नोकरी करणारी, हसरी. (तिला विचारूनच लिहितोय. ओळख पटेल असं थोडंफार बदललंय.) शिवाय एक काका, नुकतेच निवृत्त झालेले. धौलपूर यायच्या आत त्यांनी अख्ख्या गाडीला ऐकवून झालं होतं की त्यांनी तरुणपणी कुठल्या कुठल्या नद्या पोहून पार केल्या.

पहिली रात्र गाडीत. दुसऱ्या रात्री मुक्काम ऋषिकेशजवळच्या शिवपुरीच्या कॅम्पात. रात्री दहानंतर गाणी लावायची नाहीत म्हणे. शेजारच्या कॅम्पला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. दीड वाजेपर्यंत तंबूचं कापड थरथरत होतं. लोक एवढ्या लांब शांततेसाठी येतात आणि लाउडस्पीकर बरोबर आणतात.

जेवणानंतर मी स्वयंपाकाच्या तंबूमागे सकाळच्या पोह्यांचा अंदाज घेत उभा होतो, तेव्हा ती आली.

"दादा, उद्या नदीत जायच्या आधी कोणाला तरी एकाला माहीत असावं, म्हणून सांगतेय."

तिला फिट्स यायच्या. अकरावीपासून. शेवटची येऊन तीन वर्षं झाली होती, गोळी दोन वेळा चालू. "त्याला माहीत आहे. त्याच्या आईंना नाही. आम्ही सांगणार आहोत, पण आमच्या वेळेने. राफ्टच्या फॉर्मवरून नाही." मग एखाद्या नर्सने सांगावं तसं तिने सांगितलं: आलीच तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही, घड्याळ बघून वेळ मोजायची.

"आणि पाण्यात आली तर?"

ती गप्प राहिली. मग म्हणाली, "तीन वर्षं आलेली नाहीये, दादा."

"डॉक्टरांनी काय टाळायला सांगितलंय?"

"गोळी चुकवायची नाही. जागरण करायचं नाही."

काल रात्री ती अकरा तास बसल्या जागी होती. आज हा धिंगाणा. दोन रात्रींचं जागरण, त्यातलं पहिलं मी घडवलेलं, टायरसाठी. गाडीत बसणाऱ्यांपैकी कोणाला झोप हे औषध असू शकतं, हे बारा वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

रात्रभर पडून राहिलो. लाइफ जॅकेट माणसाला तरंगवतं, पण शुद्ध हरपलेल्याचं तोंड वर ठेवेलच असं नाही. लाटेत घोटभर पाणी पुरतं. आणि ज्यामुळे हे सगळं लपवायचं, त्याचा रागही येत होता. माझा मेहुणा वकील आहे. तो सांगतो, हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची, म्हणजे फिट्सची, अट १९९९ सालीच काढून टाकलीय. कायद्यातून गेली, पण सोयरीक ठरवणाऱ्या मावश्या-आत्यांच्या यादीतून नाही.

सकाळी फॉर्म आले. इंग्रजीत, बारीक अक्षरात: हृदयविकार, फिट्स, दमा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण. पुढे हो-नाहीच्या चौकटी. खरं सांगायचं तर दर सहलीत मीच ओरडतो, "सगळीकडे नो वर टिक करा, खाली सही, चला पटापट!" कारण गाइड घाई करत असतो, मागे दुसऱ्या गाड्या हॉर्न देत असतात, उशीर झाला की तपोवनच्या जाममध्ये दोन तास जातात. त्या दिवशीही तोंडातून सवयीने तेच निघालं. निघालं आणि समोर ती दिसली, बॉनेटवर फॉर्म ठेवून, पेन उघडून, माझ्याकडे बघत.

"ताई," मी सगळ्यांदेखत म्हणालो, "मोबाइल, पाकिटं, दागिने सांभाळायला विश्वासाचं माणूस हवंय. तुम्ही गाडीबरोबर नीम बीचला, राफ्ट शेवटी लागतात तिथे, याल का?"

हे काम एरवी ड्रायव्हरचं. तो बिचारा म्हणालाही, "साब, मैं तो हूँ ना?" मी डोळे वटारले. तिने पेनचं टोपण लावलं. तिच्या होणाऱ्या सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "किती समजूतदार आहे बघा!" मुलाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तो हेल्मेट निवडायला गेला. त्याने काही बोलायला हवं होतं की नको होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

काकांनी सगळीकडे नो वर टिक केली आणि झोकात सही ठोकली.

दोन आज्या, एक दहा वर्षांचा मुलगा आणि त्याची आई कॅम्पवरच थांबली. बाकीचे दोन राफ्टमध्ये, मी काकांच्या राफ्टमध्ये. गाइड पंचविशीतला गढवाली पोरगा, कामाला पक्का. प्रत्येकाचं जॅकेट खांद्याला धरून वर खेचून बघितलं. कानापर्यंत सरकलं तर पट्टे पुन्हा आवळायचे. वल्ह्याच्या टोकाला आडवी मूठ असते, ती एका हातातून सुटता कामा नये. सुटलेली मूठ शेजाऱ्याचे दात पाडते. राफ्टवरच्या पुष्कळ दुखापती अशा मुठीनेच होतात, असं तो म्हणाला, आणि मी दोन दात पडलेले पाहिलेत. पाय पुढच्या फुगीर आडपट्टीखाली रोवायचे. पडलात तर उताणे, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेला. उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, पाऊल दगडात अडकतं. दोर फेकला तर दोर धरायचा, हाताला गुंडाळायचा नाही.

काका माझ्या कानात पुटपुटले, "पाय अडकवून बसलं की बुडताना सुटत नाहीत. मला शिकवतोय." आणि पाय मोकळे ठेवून बसले. पट्टीचा पोहणारा हे राफ्टवरचं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. ज्याला पोहता येत नाही, तो निदान ऐकतो.

मेमध्ये वर बर्फ वितळत असतो, त्यात टिहरीच्या धरणातून किती पाणी सुटतंय त्यावर नदीचा रंग रोज वेगळा. त्या दिवशी पाणी मातकट हिरवं आणि हात घातला की हाडापर्यंत थंड. नदीतल्या प्रत्येक खळाळाला इथे नाव आहे. रिटर्न टू सेंडर पार झाला, रोलर कोस्टरला सगळे किंचाळले, काका सगळ्यांत मोठ्याने. मग गोल्फ कोर्स. पाण्यात जागोजाग खड्डे पडतात म्हणून हे नाव, असं सांगतात. गाइड "फॉरवर्ड! फॉरवर्ड!" ओरडत असताना डावीकडून लाट आली, राफ्ट दुमडल्यासारखी झाली, आणि माझ्या पुढची जागा रिकामी.

काका वर आले ते पोहतच. उताणे वगैरे नाही. प्रवाहाविरुद्ध, डोकं पाण्यात घालून, हात मारत. चार हात मारले असतील. थंड पाण्याने श्वास आखडतो, तोंड आपोआप उघडतं आणि नेमकं लाटेखाली उघडतं. एकट्याच्या छोट्या होडीतला, कयाकवाला, मुलगा तिरका येऊन पोचला, काकांनी कयाकचा दोर धरला. अर्ध्या मिनिटाच्या वर काही गेलं नसेल. गाइडने जॅकेट खांद्याला धरून त्यांना आत ओढलं आणि ते माझ्या पायांशी पडले. ओठ जांभळे. डावा हात छातीवर.

टी-शर्ट वर सरकला होता. जानव्याला सेफ्टी पिनने अडकवलेली एक प्लास्टिकची चिमुकली पुडी दिसली. आत गोळ्यांची पट्टी, कात्रीने नीट दोन गोळ्यांपुरती कापलेली. माझ्या वडिलांनी नऊ वर्षं खिशात तीच पट्टी बाळगली होती. मी पुडीकडे पाहतोय हे बघून काकांनी तिच्यावर हात ठेवला.

"क्या है, सर जी?" गाइडने विचारलं.

"ॲसिडिटी की," काका म्हणाले.

"काका, जिभेखाली ठेवा," मी म्हणालो. त्यांनी मुकाट्याने ठेवली. ॲसिडिटीची गोळी जिभेखाली ठेवत नाहीत, एवढं गाइडलाही कळत होतं. तो बोलला काही नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. फॉर्म मी गोळा करून दिले होते.

राफ्ट काठाला लावली. माझा मोबाइल तिच्या पिशवीत. गाइडच्या फोनवरून ड्रायव्हरला गाठलं. गाडी वरच्या रस्त्यावर फार पुढे गेली नव्हती. दहा मिनिटांत ड्रायव्हर आणि ती, दोघं उतार उतरून आले. तिने काकांना खडकाला टेकवून बसवलं आणि पहिला प्रश्न केला, "गोळी किती वाजता घेतली?" आमच्यापैकी कोणी बघितलं नव्हतं.

ऋषिकेशच्या दवाखान्यात ईसीजी झाला, दुपारपर्यंत देखरेखीखाली ठेवलं, सोडलं. दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेला. काकूंना अर्थातच ठाऊक होतं. "लिहिलं असतं तर बसू दिलं असतं का यांना?" असं त्यांनी मलाच विचारलं. परतल्यावर महिनाभर काका ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर, बाजारच्या चौकात, भेटेल त्याला गंगेने त्यांना कसं ओढलं आणि ते कसे परत आले, ते सांगत होते. गोष्टीत पुडी नसते.

संध्याकाळी ती कॅम्पच्या पायऱ्यांवर माझी वाट बघत बसली होती. आवाज चढवला नाही.

"काका खोटं बोलले, ते नदीत गेले. मी खरं बोलले, मी पिशवी धरून बसले."

"तू दोन रात्री झोपली नाहीस, ताई."

"मग मला आज दुपारी झोपू द्यायचं होतंत आणि उद्या सकाळी ब्रह्मपुरीहून न्यायचं होतंत. तिथून नऊच किलोमीटर आहे, सोपं आहे. तुम्ही विचारलंच नाहीत. मी परवानगी मागितली नव्हती, दादा. मी फक्त सांगितलं होतं."

ब्रह्मपुरीचा टप्पा मी लहान मुलांच्या आयांना स्वतः सुचवत असतो. मला तो आदल्या रात्री सुचला नव्हता. आता म्हणावं तर दुसऱ्या दिवशी हरिद्वार ठरलेलं आणि पंधरा जणांना कारण काय सांगायचं? शिवाय आजही वाटतं की सुचला असता तरी मी कचरलो असतो. नऊ किलोमीटरचं पाणीही पाणीच.

परतीचं निघणं रात्री नऊचं होतं. मी ते सकाळी सहावर नेलं. हरिद्वारला एक मुक्काम जास्त, खोल्यांचे पैसे माझे. सगळे कुरकुरले, एक्सप्रेसवे ऐन दुपारी लागणार म्हणून ड्रायव्हर तर ऐकेना. मी सांगितलं, टायर नवे आहेत. दर चाळीस-पन्नास किलोमीटरवर गाडी सावलीत उभी करून टायरांना हात लावून बघत आलो. ती खिडकीला डोकं टेकून होती. मला काही म्हणाली नाही.

तिने सासूबाईंना पुढे सांगितलं. काय झालं ते सांगणं माझं काम नाही.

हजार रुपये द्यायला मी तिच्या घरी गेलो होतो. तिने नोटा मोजून घेतल्या आणि विचारलं, "वहीत कारण काय लिहिणार?"

तेव्हापासून रकाना कोरा आहे. बायकोने काल सुचवलं, 'स्वतःहून बसल्या नाहीत' असं लिहून मोकळे व्हा. म्हटलं, दुसरं काहीही घाल, तेवढं नको.