हेडरचे बोल्ट सतत ढिले का पडत होते: माझा अनुभव

थंड इंजिन सुरू केलं की एक्झॉस्टच्या बाजूने, हेडर (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा पाइपांचा संच) बसतो तिथून, टक-टक आवाज यायचा आणि गाडी तापली की आपोआप थांबायचा. ऐकणाऱ्याला टॅपेटचाच (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागाचा) वाटावा असा. पण शेवटच्या पोर्टपाशी (धूर बाहेर पडण्याच्या भोकापाशी) हेडवर, म्हणजे सिलिंडरांवरच्या भागावर, काजळीचा ओघळ होता. तिथला बोल्ट पान्याला अगदी सहज फिरला. घट्ट केला, आवाज गेला आणि काही आठवड्यांत परत आला. चार सिलिंडरचं इंजिन, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, हेडर स्टेनलेसचा आणि एम-८चे (८ मिमी व्यासाचे) आखूड बोल्ट, असा हा संच.

ज्याला विचारावं तो म्हणे, ‘अजून जोर लाव.’ मला ते पटेना. अ‍ॅल्युमिनियममधले आटे मऊ असतात. प्रमाणाबाहेर जोर लावला तर बोल्ट टिकतो आणि हेडमधले आटे उपटून येतात. शिवाय प्रत्येक वेळी टोकाचेच बोल्ट ढिले होत होते, मधले नाहीत. सगळ्यांना एकच टॉर्क (पिळण्याचा जोर) दिलेला असताना फक्त टोकाचेच का सुटतात, याचं उत्तर मिळाल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही असं ठरवलं.

इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं आणि सकाळी बोल्ट थोडा मागे, थोडा पुढे करत काढले. तापलेल्या हेडमधून बोल्ट ओढून काढण्याची घाई कुणीही करू नये, आटे सोबत येतात. हेडर उतरवल्यावर उत्तर डोळ्यांसमोर होतं. टोकाच्या बोल्टच्या डोक्याखाली, जिथे फ्लँज (हेडरची हेडला बसणारी सपाट पट्टी) टेकतो तिथे, घासून चकाकलेली चंद्रकोर उमटली होती. तिथून आत येत गेलो तशी ती बारीक होत गेली आणि मधल्या बोल्टखाली काहीच नव्हतं. फ्लँज आडवा सरकत होता.

मग हिशेब मांडला. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन प्रसरण पावतं, ३०४ स्टेनलेस १७ आणि साधं पोलाद १२ च्या आसपास. आकडे पाहून वाटतं की हेडच जास्त लांबेल. पण हेडच्या आत पाणी खेळत असतं, फ्लँजला तशी काही सोय नाही. हेड २० वरून १०० अंशांवर आणि फ्लँज ३०० वर गेला असं धरलं, तर ४०० मिमी लांबीत हेड साधारण ०.७ मिमी वाढतं आणि फ्लँज १.९ मिमी. मध्यभाग जागेवर राहिला तर प्रत्येक टोक सुमारे ०.६ मिमी बाहेर सरकतं. माझ्या फ्लँजची भोकं ८.५ मिमीची होती, म्हणजे ८ मिमीच्या बोल्टभोवती प्रत्येक बाजूला मोकळी जागा फक्त पाव मिमी. दर वेळी गाडी तापली की फ्लँज टोकाच्या बोल्टला बाजूने ढकलत होता. बोल्ट सुटण्याचं सर्वांत मोठं कारण अशी आडवी हालचाल असते, हे गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगांतून दाखवलं होतं.

दुसरं कारण उभ्या दिशेचं. फ्लँज बोल्टपेक्षा जास्त तापतो आणि जाडीतही फुगतो. त्यामुळे गरम असताना बोल्टवरचा ताण वाढतो, मधलं गॅस्केट (फट बुजवणारा पातळ थर) आणखी दबतं आणि थंड झाल्यावर तेवढी ढील उरते. थंड इंजिनालाच आवाज का यायचा, ते इथे उलगडलं.

बोल्ट धरून ठेवतो तो ताणून किंचित लांबल्यामुळे, आणि ती वाढ फारच इवलीशी असते. एम-८ला कोरड्या आट्यांवर २० न्यूटन-मीटर टॉर्क दिला की साधारण १२,५०० न्यूटनचा दाब येतो. डोकं आणि हेड यांच्यात १० मिमी अंतर असेल तर त्या दाबाला बोल्ट जेमतेम ०.०१७ मिमी ताणला जातो. गॅस्केट ०.०१ मिमी बसलं की निम्म्याहून अधिक पकड गेलीच. तेच अंतर ३५ मिमी केलं तर बोल्ट ०.०५८ मिमी ताणला जातो, आणि गॅस्केट तितकंच बसूनही पकड पाचव्या हिश्श्यानेसुद्धा कमी होत नाही. हा हिशेब मांडल्यावर स्प्रिंग वॉशर वगैरे विचार मी सोडून दिला. साधा स्प्रिंग वॉशर त्या उष्णतेत आपली उसळी हरवतो, नायलॉनचा नट तर तिथे टिकतच नाही, आणि नेहमीचं लाल थ्रेडलॉकर (आटे चिकटवून धरणारं द्रव) साधारण १५० अंशांपर्यंतच भरवशाचं.

काम सुरू केलं ते फ्लँजपासून. सरळपट्टी ठेवून फीलर गेज (ठरावीक जाडीची पाती) घातला, तर टोकाला ०.१५ मिमीचं पातं आरामात आत गेलं. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज वाकलेला होता. हाताने घासून जमण्यासारखं ते नव्हतं, सरफेस ग्राइंडिंग करून घेतलं. मधलं भोक होतं तसं ठेवलं. टोकाची ९.५ मिमी केली आणि त्यावर जाड, कडक वॉशर ठरवले, म्हणजे फ्लँजला सरकायला वाट मिळेल.

हेडमधल्या एका भोकाचे आटे आधीच अर्धे गेले होते, बोल्टबरोबर अ‍ॅल्युमिनियमची बारीक वेटोळी बाहेर आली. तिथे हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवलं. एम-८साठी ८.३ मिमीचं ड्रिल आणि आटे पाडायला त्याचाच खास टॅप लागतो. ड्रिल तिरकं जाऊ नये म्हणून गाइड लावला. कॉइल पृष्ठभागाच्या अर्धा आटा खाली ठेवून तिची शेपटी तोडली आणि तुकडा बाहेर काढला. बाकी भोकांची खोली मोजून घेतली. पोलादाचा आटा अ‍ॅल्युमिनियममध्ये व्यासाच्या दीड ते दोन पट आत जायला हवा, म्हणजे इथे १२ ते १६ मिमी.

बोल्टच्या जागी स्टड (बिनडोक्याचे, दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे) घातले, तेही हलक्या हाताने. स्टडचा मोठा फायदा हा की पुढे कधीही खोललं तरी झीज नटाची होते, हेडचे आटे शाबूत राहतात. अंतर ३५ मिमी व्हावं म्हणून फ्लँजवर २५ मिमीची पोलादी नळी, तिच्यावर वॉशर आणि मग तोंड किंचित दाबून काढलेला पूर्ण धातूचा लॉक नट. स्टेनलेसवर स्टेनलेस नट चिकटून बसतो म्हणून नट तांब्याचा मुलामा दिलेले पोलादी घेतले आणि आट्यांना निकेलचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावलं. त्याने घर्षण कमी होतं, म्हणून टॉर्क २० वरून १५ वर आणला. फायबरचं गॅस्केट काढून पोलादी पदरांचं घातलं, ते कमी बसतं. नट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळले.

हेडरचं खालचं टोक आधी हवेत लोंबत होतं. त्याला गिअरबॉक्सवरून ब्रॅकेट दिला आणि पुढच्या पाइपात लवचीक जोड घातला. माझ्या मते या ब्रॅकेटचा वाटा स्टडइतकाच मोठा आहे. इंजिन डुलतं तेव्हा त्या लांब पाइपाचं वजन फ्लँजलाच उचकटत असतं.

प्रत्येक नटावर आणि वॉशरवर रंगाची एकच सलग रेघ ओढून ठेवली. पहिल्यांदा चांगलं तापवून रात्रभर थंड केल्यावर टॉर्क तपासला, तेव्हा सगळे नट किंचित फिरले. गॅस्केट बसलं होतं, ते अपेक्षितच. रेघा नव्याने ओढल्या. दुसऱ्या वेळी फक्त टोकाचा एक फिरला आणि त्यानंतर एकही नाही. थंड इंजिनाचा आवाज गेला, काजळीही परत आली नाही. आता तेल बदलताना टॉर्चच्या उजेडात रेघा पाहतो आणि त्या सलग असतील तर पाना लावत नाही.