फेममध्ये पहिली कॉइल

आज अख्खा दिवस फेमवर गेला. डेव्हिड मीकर यांनी बनवलेलं हे चुंबकीय क्षेत्राचं सॉफ्टवेअर, आणि तेही मोफत! लोखंडी गाभ्यावरची साधी कॉइल काढायची होती. अक्षसममित, म्हणजे अक्षाभोवती सगळीकडे सारखा, हा प्रकार निवडला की अर्धाच छेद काढायचा, बाकीचं ते स्वतःच गोल फिरवून घेतं. माउसने अंदाजे बिंदू ठेवण्यापेक्षा टॅब दाबून नेमके आकडे भरता येतात हे कळलं आणि काम सरसर पुढे गेलं. आधी बिंदू, मग रेषा, बाहेरच्या हवेसाठी कंस.

आकडेमोड मात्र सुरू होईना. प्रत्येक बंद भागाला मटेरियलचं लेबल लागतं, हवेलासुद्धा! मी लोखंड आणि तांबं सांगितलं होतं, भोवतालची हवा राहूनच गेली होती. ती भरली, ५०० वेढे, २ अँपिअर दिले, बाहेरच्या कडेवर व्हेक्टर पोटेन्शियल शून्य ठेवलं, म्हणजे चुंबकीय रेषा त्या कडेपलीकडे जात नाहीत.

आणि चुंबकीय क्षेत्राच्या रेषा उमटल्या. गाभ्यात दाट, टोकाबाहेर पसरून वळलेल्या. शाळेत कागदावर लोहकीस टाकून बघितलेलं तेच चित्र, पण इथे कुठेही क्लिक केलं की तिथल्या क्षेत्राचा टेस्ला या एककात आकडा मिळतो. कितीतरी वेळ नुसती बघत बसले.

साडेदहा वाजलेत, जेवण झाकून ठेवलंय. गाभ्यात १ मिलीमीटरची फट ठेवून एकदा बघते, मग उठते.