की तिसाचा हफ्तारा: पाठ झाला आणि कॅलेंडरने दांडी उडवली

मंडळी, मागच्या वेळी लिहिलं होतं ना की ह्या वर्षी की तिसाच्या (आपल्या तोरा ग्रंथाचा एका आठवड्याचा भाग) शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या प्रार्थनेत, हफ्तारा (तोरानंतर म्हणायचा नबींच्या, म्हणजे संदेष्ट्यांच्या, पुस्तकांतला उतारा) मी म्हणणार, तेव्हापासून रोज रात्री जेवणं झाली की ओट्याशी मोबाईल टेकवून रेकॉर्डिंग चालू आहे. तर अपडेट असा की १ राजे अध्याय १८, पासुक (वचनं) २० ते ३९, २० च्या २० पासुक सुरात बसले, आधी १४ मिनिटं लागायची आता ७ मध्ये होतं, आणि हा हफ्तारा ह्या वर्षी वाचलाच जाणार नाहीये. सांगतो पुढे.

आधी जे जमलं ते. अश्केनाझी (युरोपीय परंपरेचे ज्यू) लोक अध्यायाच्या सुरुवातीपासून वाचतात म्हणजे ३९ पासुक, आपण सेफार्दी पद्धतीचे म्हणून निम्म्यावर सुटतो. पराशात (तोराच्या त्या आठवड्याच्या भागात) सोन्याचं वासरू, इकडे कार्मेल डोंगरावर (आजचं हैफा तिथेच वसलंय) बआल ह्या परक्या देवाचे ४५० नबी एका बाजूला आणि आपला एलियाहू हन्नाबी (एलिया संदेष्टा) एकटा. लोकांना पहिलाच प्रश्न काय तर किती दिवस दोन फांद्यांवर लंगडत राहणार, आपल्या भाषेत दोन दगडांवर पाय. आणि गंमत म्हणजे पुढे बआलचे नबी वेदीभोवती नाचतात तिथे हिब्रूत तेच लंगडण्याचं क्रियापद परत येतं! नुसतं भाषांतर वाचून हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, तोंडाने म्हणायला लागलो तेव्हा कळलं.

सगळ्यात जास्त रडवलं २७ व्या पासुकने. एलियाहू त्यांची टिंगल करतो, जोरात ओरडा, देव आहे तो, विचारात असेल, प्रवासाला गेला असेल, झोपला असेल तर उठेल. कि सीअह व-खि सीग लो व-खि देरेख लो, हे भरभर म्हणून बघा, जीभेची गाठ होते. मग १२ दगडांची वेदी, भोवती चर, दुष्काळ चालू असताना ४ घागरी ३ वेळा ओतायच्या, आणि मग आकाशातून आग. शेवटी लोक दोनदा ओरडतात, अदोनाय हू हाएलोहीम (परमेश्वर हाच देव), जे किप्पुरच्या, उपवासाच्या मोठ्या दिवसाच्या, शेवटी आपण ७ वेळा म्हणतो. तिथे माझा आवाज दर वेळी फाटतो, बायको म्हणते फाटू दे, तिथे शोभतो.

आता दांडी. तोरा शिकवणाऱ्या काकांना कौतुकाने पूर्ण रेकॉर्डिंग पाठवलं, त्यांचा रिप्लाय आला, बाळा छान, पण लुआख (ज्यू कॅलेंडर) बघितलास का? बघितलं. ह्या ज्यू वर्षी, ५७८६ मध्ये, की तिसा येतो ७ मार्चला, आणि तोच शब्बाथ पारा, म्हणजे लाल गायीचा खास शब्बाथ. म्हणजे दुसऱ्या सेफेरमधून (तोराच्या गुंडाळीतून) गणना १९, लाल गायीचा भाग, आणि एलियाहूच्या जागी हफ्तारा यहेज्केल नबीचा, अध्याय ३६, पासुक १६ ते ३६. दोन महिने पाठ करतोय आणि एकदा कॅलेंडर उघडायची बुद्धी झाली नाही! पुढच्या वर्षी ५७८७ ला अदार महिने दोन आहेत, आपल्या मराठी पंचांगातल्या अधिक महिन्यासारखं, त्यात की तिसा पहिल्या अदारमध्ये जातो आणि पारा दुसऱ्यात, म्हणून तेव्हा एलियाहूचा नंबर लागेल.

दोन दिवस पुस्तकाला हात लावला नाही खरं सांगतो. मग राशी नावाच्या जुन्या भाष्यकाराचं तोरावरचं भाष्य काढलं तर त्यात भारी गोष्ट सापडली, दासीच्या पोराने राजवाड्यात घाण केली की म्हणतात आईला बोलवा आणि पुसायला लावा, तसं वासराचं पाप गायीने येऊन धुवावं. म्हणजे ज्या आठवड्यात वासरू त्याच आठवड्यात गाय. एलियाहूपेक्षा ही जोडी मला जास्त घट्ट वाटायला लागलीये, कोणाला पटणार नाही माहितीये.

यहेज्केलची प्रगती: २१ पैकी ८ झाले. स्वच्छ पाणी शिंपडीन, दगडाचं हृदय काढून मांसाचं देईन, हा भाग सुरात आपोआप जातो. अडलंय २० ते २३ मध्ये, देवाचं नाव विटाळल्याचं एकच क्रियापद ४ पासुकांत ५ वेळा आणि त्यात ४ वेगळी रूपं, एकदा चुकलं की पुढची सगळी गडगडतात. पेन्सिलने प्रत्येक रूपाखाली वेगळी खूण केलीये. कोणाकडे आपल्या चालीतलं जुनं कॅसेट-बिसेट असेल तर सांगा, नेटवर जे मिळतं ते बहुतेक अश्केनाझी चालीत आहे.

आईला सांगितलं तर ती म्हणाली मी तर एलियाहू हन्नाबी ऐकायला येणार होते, मलिदाही (एलियाहूच्या नावाचा गोड पोह्यांचा नैवेद्य) बोलले होते. तिला म्हटलं हफ्तारानंतरच्या ४ बेराखांपैकी (आशीर्वचनांपैकी) तिसऱ्यात त्याचं नाव येतंच, तेवढं मोठ्याने म्हणेन.