दोनशे चौदा जण आणि एक पेन्सिलवाला

परवा दुपारी जेवण झाल्यावर किंडल, म्हणजे ॲमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, घेऊन आडवी झाले. चार पानं होतात न होतात तोच एका वाक्याखाली बारीक ठिपक्यांची रेघ दिसली. बोट लावलं तर कळलं, २१४ जणांनी हे वाक्य अधोरेखित केलंय. झोपच उडाली. वाक्य बरं होतं, पण दोनशे चौदा? पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. आता ते मला आवडलंय की त्या दोनशे चौदांना, तेच कळेना.

आमच्या गावच्या वाचनालयात रेघा मारणारा एकच होता. 'पुस्तकावर खुणा करू नयेत' या शिक्क्याच्या शेजारीच त्याची पहिली खूण असायची. पेन्सिल बोथट. नायिका रडली की समासात 'वा!', पावसाचं वर्णन लांबलं की 'पुरे'. एका रहस्यकथेत तर नवव्याच पानावर एका नावाभोवती गोल आणि पुढे 'हाच'. मी तणतणत काउंटरवर गेले. ग्रंथपाल काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "वाचलंस का पूर्ण? मग वाच आधी." वाचलं. खुनी भलताच निघाला! आता त्यानं पुस्तक अर्ध्यात सोडलं होतं, की पुढच्याला मुद्दाम चकवलं होतं? मला हा प्रश्न अजून मधूनच पडतो.

किंडलशी माझं भांडण नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी आई त्यावरच वाचायची, अक्षर बोराएवढं करून. मात्र मराठी पुस्तक मिळालं तर. युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही यंत्रावर सारखंच उमटणाऱ्या अक्षरांच्या आधी जुळवलेली पुस्तकं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत अडकलेली. ती बाहेर काढताना रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो, पहिली वेलांटी एक घर सरकते. माझी एक मैत्रीण असली प्रुफं तपासते. दिवसभर रफार पकडून जागेवर बसवते म्हणे, अंगणवाडीतल्या पोरांसारखे. एवढा उपद्व्याप नको म्हणून पुष्कळदा पानांचे नुसते फोटो काढून पीडीएफ करतात. सहा इंची पडद्यावर त्या मुंग्या. मोठ्या केल्या की ओळ वाचायला पान डावीउजवीकडे ओढत बसा. आईनं दोन दिवसांत पीडीएफचा नाद सोडला.

रेघांवरून आठवलं. २००९ साली अमेरिकेत काही लोकांनी विकत घेतलेलं ऑर्वेलचं '१९८४' त्यांच्या किंडलवरून ॲमेझॉननं परस्पर पुसून टाकलं. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत दिले. (पुसायला पुस्तक तरी कोणतं सापडावं! त्या कादंबरीतलं सरकारही नको ते कागद पुसतच असतं.) त्यात एक शाळकरी मुलगा अभ्यासाच्या टिपा काढत होता. टिपा राहिल्या, पुस्तक गेलं. म्हणजे 'वा!' आहे, पण कशाला वा, ते नाही.

ती ठिपक्यांची रेघ सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. केली. संध्याकाळी परत चालू केली. म्हटलं, असू देत बिचारे.

पुढच्या प्रकरणात पाऊस आला. दीड पान. टीप लिहायची सोय असते, ती उघडली आणि लिहिलं, 'पुरे'.

दिसणार कुणालाच नाही म्हणा.