तुम्ही विचारलंत म्हणून: दीडशे डॉलरमध्ये मस्कीची लुअर्स

मिनिआपोलिस, मिलवॉकी, मॅडिसन, शिकागो या पट्ट्यात राहणारी आणि बास, वॉलाय गरवून हात बसलेली मराठी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. आता मस्की या मोठ्या, दातेरी माशाच्या मागे लागायचंय, लुअर्ससाठी, म्हणजे नकली आमिषांसाठी, दीडशे डॉलर बाजूला काढलेत, तर काय घ्यावं?

सहा लुअर्स घ्या. आणि ती निवडताना रंग शेवटी बघा, आधी बघा ते पाण्यात किती खोल जातं आणि किती वेगाने ओढावं लागतं. दुकानात नेमकं उलट होतं. एकाच जातीची पाच बकटेल (फिरती पाती आणि मागे झुपका असलेली लुअर्स) पाच रंगांत घेतली जातात, ती पाचही पृष्ठभागाखाली दोन-चार फुटांत एकाच चालीने पळतात, आणि दहा फुटांवर पाणगवताच्या कडेला उभा असलेला मासा दिवसभर काहीच बघत नाही. मस्की हा दबा धरणारा मासा आहे. तो कुठल्या थरात आहे आणि आज त्याला पळणारं हवंय की रेंगाळणारं, हे आपल्याला आधी कळत नाही. म्हणून डब्यातलं प्रत्येक लुअर वेगळ्या कामाचं हवं.

पहिलं घ्यायचं ते दोन पात्यांचं बकटेल, ८ नंबरची पाती, काळा झुपका, चंदेरी पाती. साधारण २५ डॉलर. १० नंबरची पाती प्रसिद्ध आहेत, पण ती पाण्यात इतकी जड ओढतात की नवख्याचे खांदे दोन तासांत भरून येतात आणि बासच्या वेगवान रिळाचे दाते झिजतात. ८ नंबर दिवसभर फेकता येतं. झुपका केसांचा की चमकीचा, हा पुढचा प्रश्न. चमकीचा झुपका पाण्यात लकाकतो आणि मोठा दिसतो.  पहिल्यासाठी चमकीचा चालेल. लुअर पाण्यात पडताच रॉडला एक झटका द्या म्हणजे पाती फिरू लागतात. झटका दिला नाही तर कधीकधी ते दहा-पंधरा फूट नुसतं काठीसारखं ओढलं जातं. पाती फिरताहेत की नाही हे रॉडच्या थरथरीवरून कळतं. थरथर थांबली की गवत अडकलंय, लगेच गुंडाळून काढून टाका.

दुसरं, लहान बकटेल. मेप्स कंपनीचं मस्की किलर यासाठी उत्तम. एकच पातं, वजन पाऊण औंस, किंमत पंधरा डॉलरच्या आसपास. जूनच्या सुरुवातीला पाणी अजून थंड असताना किंवा थंड हवेची लाट येऊन गेल्यावर मासे सुस्त असतात. तेव्हा मोठ्या घासाकडे न वळणारा मासा याच्याकडे वळतो. दणकट बास रॉडवरही हे फेकता येतं. मात्र म्हणून हलक्या सामानावर मस्की धरू नका. मासा फार वेळ झगडला तर दमून नंतर मरतो.

तिसरं, ड्रिफ्टर टॅकल कंपनीचं ८ इंची बिलीव्हर. तंग बजेटवाल्याला माझा सगळ्यात जास्त आग्रह याचाच असतो, कारण याच्या नाकावर लीडर (दोराच्या टोकाला लावायचा, दातांना दाद न देणारा तुकडा) अडकवायच्या दोन जागा आहेत. एकीला लावलं तर ते उथळ चालतं, दुसरीला लावलं तर खोल बुडी मारतं. २०-२५ डॉलरमध्ये जणू दोन क्रँकबेट्स (ओढलं की डुलत बुडी मारणारी लुअर्स) मिळतात. सरळ ओढा, मध्येच दोन सेकंद थांबा. ते हळूहळू वर येऊ लागतं आणि पाठलाग करणारा मासा तिथेच तोंड मारतो. क्रँकबेट एका बाजूला पळत असेल तर ते बिघडलं असं समजू नका. लुअरचं नाक आपल्याकडे करून धरा, ते ज्या बाजूला पळतंय त्याच्या विरुद्ध बाजूला लीडर अडकवायची कडी पक्कडीने केसभर वाकवा आणि पुन्हा फेकून बघा. एकदम जास्त वाकवलं तर कडी सैल होते.

चौथं रबरी: बुल डॉग, साधा ९ इंची. साधारण २० डॉलर. वळलेली लांब शेपटी, पोटात वजन. दहा-पंधरा फूट खाली नेऊ शकणारं डब्यातलं हे एकटंच लुअर. पडू द्या, रॉड खाली ओढा, पुन्हा पडू द्या, आणि पडताना दोर फार सैल सोडू नका, कारण बहुतेक तोंडं पडतानाच लागतात आणि सैल दोरात ती कळत नाहीत. सप्टेंबरनंतर पाणी थंडावलं की याचा खरा हंगाम. दोष एकच, दातांनी रबर फाटतं. फाटलेल्या कडा गरम सुरीच्या पात्याने वितळवून जोडता येतात, हवेशीर जागी करा. आणि हे डब्यात बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. रबरातलं तेल कडक प्लॅस्टिक आणि रंग विरघळवतं. रबर आणि बिलीव्हर एका कप्प्यात उन्हाळाभर राहिले की चिकट लगदा मिळतो.

पाचवं, सुइक थ्रिलर, ९ इंची, वजन घातलेलं. विस्कॉन्सिनच्या अँटिगो गावचं जुनं लाकडी लुअर, साधारण ३० डॉलर. रॉडने खाली ओढलं की बुडतं, थांबलं की शेपटीकडून वर येतं. पाणगवताच्या शेंड्यांवरून न्यायला याच्यासारखं दुसरं नाही: शेंड्याला टेकलं की थांबा, ते स्वतःच वर सुटतं. मागे धातूची शेपटी आहे, ती खाली वाकवली की जास्त खोल जातं. दात लागून रंगाला भोक पडलं तर लाकूड पाणी पितं आणि लुअरची चाल जाते. भोकावर लगेच इपॉक्सी लावा, निदान नेलपॉलिश.

सहावं पृष्ठभागावरचं, शेपटी फिरणारं. व्हॉपर प्लॉपर १९० (मिलिमीटर लांबीचं) घ्या. १३० स्वस्त आहे, पण त्याचे हुक आणि ते जोडणाऱ्या रिंगा मस्कीसाठी मला हलक्या वाटतात. संध्याकाळ, ढगाळ हवा, उथळ गवत. पाण्यावर स्फोट झाला तरी रॉड ओढू नका, वजन हाताला लागेपर्यंत गुंडाळत राहा.

सगळं मिळून १४० च्या आत-बाहेर बसतं, दुकानागणिक थोडं इकडेतिकडे. रंगांचं एवढंच: एक काळं, एक भडक हिरवं-नारिंगी गढूळ पाण्यासाठी, एक चंदेरी-पांढरं स्वच्छ पाण्यासाठी, बाकी काहीही. दीडशेमध्येच लीडरही बसवायचा असेल तर लहान बकटेल आणि पृष्ठभागावरचं लुअर पुढच्या वर्षी घ्या आणि दोन लीडर आजच आणा. मस्कीचे दात साधा तंगूस किंवा ब्रेड (विणलेला दोर) क्षणात कापतात, आणि मग २५ डॉलरचं लुअर माशाच्या जबड्यात राहतं. फेकण्यासाठी १०० ते १३० पौंडी फ्लोरोकार्बनचा (जाड, कठीण तंगूस) लीडर, फूटभर लांब. सुइकसाठी मात्र एकेरी ताठ तारेचा लीडर, कारण मऊ लीडर झटक्यात मागे वळून हुकांत अडकतो. रिळावर ८० पौंडी ब्रेड. एवढा जाड कशाला, मासा काही ८० पौंडांचा नसतो, असं बरेच जण म्हणतात. तो माशासाठी नाही. रिळात गुंता झाला की चार औंसांचं लुअर हवेत अचानक थांबतं आणि पातळ दोर तिथेच तुटतो, लुअर तळ्याच्या मध्यावर जातं.

ऑनलाइन पाच-सात डॉलरला मिळणाऱ्या लुअर्सच्या पाकिटांबद्दलही विचारता. बाहेरून ती छान दिसतात. मस्की तोंड मारून स्वतःभोवती गरगर फिरतो, आणि तेव्हा पातळ तिहेरी हुक सरळ होतात, रिंगा उघडतात. त्यांना ५/० मापाचे दणकट हुक आणि जाड रिंगा लावल्या की खर्च चांगल्या लुअरच्या जवळ जातो, वर वजन बदलून चालही बिघडते. पैसे वाचवायचे तर जुनी घ्या. मस्कीज इंक. ही संस्था १९६६ मध्ये सेंट पॉलला सुरू झाली, तिच्या शाखांमधली मंडळी आणि हिवाळ्यातली मस्की प्रदर्शनं हा जुन्या लुअर्सचा चांगला ठिकाणा. घेताना तीन गोष्टी बघा: बिलीव्हरच्या कड्या हलतात का, लाकडी लुअरला तडा आहे का, बकटेलची मधली तार वाकवून सरळ केलेली आहे का. पुन्हा पुन्हा सरळ केलेली तार मोठ्या माशावर तुटते. गंजलेले हुक चालतील, ते बदलता येतात.

नवे हुकही कानशीने धार लावूनच वापरा. नखावर टेकवून ओढा. घसरला तर बोथट, रुतला तर ठीक. मस्कीच्या तोंडात हाडच हाड असतं.

सोडण्याचं सामान मात्र लुअर्सच्या पैशांतून कापू नका आणि ते नसेल तर पाण्यावर जाऊ नका. रबरी जाळीची मोठी नेट, फूटभर लांब पक्कड, हुक कापायला हार्डवेअरच्या दुकानातला लहान बोल्ट कटर. खोल रुतलेला हुक उपसत बसण्यापेक्षा कापा, हुक दोन डॉलरचा आहे. मासा नेटमध्ये पाण्यातच ठेवून हे सगळं करा, फोटोसाठी उचलायचा तर आडवा, दोन्ही हातांनी, काही सेकंद. पाणी ८० अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की मस्की गरवूच नका. मिनेसोटात बहुतेक तळ्यांवर ५४ इंचांखालचा मस्की ठेवता येत नाही, विस्कॉन्सिनमध्ये बहुतेक ठिकाणी ४०, म्हणजे जवळजवळ प्रत्येक मासा परत जाणारच आहे. तो जिवंत जायला हवा.

आता जे फुकट आहे आणि सहाही लुअर्सची किंमत वसूल करतं ते. मस्की लुअरच्या मागे मागे होडीपर्यंत येतो आणि तिथून परत जातो. म्हणून प्रत्येक फेक आठच्या आकड्याने संपवायची, मासा दिसो न दिसो. लीडर रॉडच्या टोकापासून फूट-दीड फुटावर आला की रीळ थांबवा, पण लुअर थांबवू नका. टोक दोन-तीन फूट पाण्यात घाला आणि मोठ्या वळणाने इंग्रजी आठ काढा. वळणं रुंद हवीत. चार फुटी मासा अरुंद वळण घेऊ शकत नाही, त्याला लुअर दिसेनासं होतं. मासा दिसला की वेग वाढवा, कमी करू नका. तोंड लागलं की रॉड वर नाही, आडवा, माशाच्या शेपटीच्या दिशेला ओढा, म्हणजे हुक जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

मिनेटोंका, व्हाइट बेअर, पिवॉकी, मोनोना, इलिनॉयमधली फॉक्स साखळी, कुठेही गेलात तरी पहिल्या उन्हाळ्यात निम्मा वेळ ८ नंबरचं बकटेल फेका आणि उरलेला वेळ पाचांत वाटा. घरी आल्यावर डब्याचं झाकण रात्रभर उघडं ठेवा, नाहीतर ओल्या झुपक्याखालचे हुक आठवड्यात तांबडे होतात. पुढच्या वर्षी सातवं लुअर घेताना नवीन जातीचं घेऊ नका. या सहांपैकी ज्याच्या मागे सगळ्यात जास्त मासे आले, त्याचंच दुसरं घ्या, वेगळ्या रंगात.