ट्रू कॉपी

परवा भाचीच्या अ‍ॅडमिशनसाठी नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळच्या एका झेरॉक्सच्या टपरीवर उभा होतो. मार्कशीट, एलसी, डोमिसाइल, सगळ्याच्या तीन-तीन प्रती, प्रत्येकीवर 'ट्रू कॉपी'चा शिक्का आणि खाली हिची सही. शिक्का टपरीवाल्याकडेच होता, दोरीने बांधलेला. ठपाठप मारता मारता मध्येच थांबली आणि म्हणाली, "मामा, ट्रू म्हणजे खरं ना? मग खरी तर ओरिजिनल, झेरॉक्स कशी काय खरी?"

मी म्हटलं तू आधी सह्या कर, चार वाजता खिडकी बंद होते.

पण डोक्यात भुंगा लागला तो लागलाच. आमच्या वेळी तर अजून मजा होती, स्वतःच्या सहीला किंमत नव्हती, गॅझेटेड ऑफिसर शोधत फिरायचं. वडिलांच्या ओळखीचे एक साहेब होते, रविवारी त्यांची आंघोळ-पूजा होईपर्यंत ओट्यावर बसून राहायचं, मग ते यायचे आणि ओरिजिनलकडे ढुंकूनही न बघता हिरव्या शाईत सही ठोकायचे. झालं, कागद खरा. २०१४च्या आसपास सरकारनेच सांगितलं की स्वतःच सही करा, तेव्हापासून आपणच आपले साक्षीदार.

आणि हे सगळं नाशिकमध्ये म्हणजे कमालच. इथून आठ-नऊ किलोमीटरवर नाशिकरोडला १९२८पासून करन्सी नोट प्रेस आहे. त्यांच्या नोटेची कुणी झेरॉक्स काढून वर 'ट्रू कॉपी' असा शिक्का मारला तर? थेट आत. मार्कशीटची काढली की अ‍ॅडमिशन!

घरी आल्यावर डिक्शनरी उघडून बसलो (बायकोच्या भाषेत 'रिकामपणाचे उद्योग'). तर हा शब्द सुरुवातीला 'खरं-खोटं' यातला नव्हताच म्हणे. जुन्या इंग्रजीत ट्रू म्हणजे निष्ठावान, शब्दाला पक्का, भरवशाचा. वस्तुस्थितीला धरून असलेलं ते ट्रू, हा अर्थ नंतर चिकटला. मूळ बहुतेक झाडाशी जातं, घट्ट उभं असलेलं, हलत नाही असं. ट्री आणि ट्रू एकाच मुळातले मानतात, आणि आपल्या संस्कृतातला 'दारु' म्हणजे लाकूड, देवदारमधला, तोही त्यातलाच. उकार ऱ्हस्व आहे बरं का! दीर्घ केला की आपल्या वाइनवाल्या गावात वेगळाच अर्थ निघतो, तशी ती घेतल्यावरही माणूस खरं बोलतो म्हणतात पण उभा मात्र झाडासारखा राहत नाही.

मग मला एकदम शाळेतलं लेटर रायटिंग आठवलं. खाली 'युवर्स ट्रूली' लिहायचं आणि त्याचं मराठी काय, तर 'आपला विश्वासू'. तेव्हा वाटायचं हे कुणीतरी ठोकून दिलंय, ट्रू म्हणजे खरा, मग 'आपला खरा' का नाही? आता कळतंय की ज्याने कुणी ते केलं त्याला हा शब्द आपल्यापेक्षा जास्त कळला होता.

सगळ्यात आवडलेला अर्थ मात्र सायकलचा. नाशकात हल्ली सायकलवाले पायलीला पन्नास, २०१५ला महाजन डॉक्टर बंधूंनी रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली तेव्हापासून तर पहाटे गंगापूर रोडला हेल्मेटंच हेल्मेटं. तर इंग्रजीत वाकडं चाक सरळ करणं याला 'ट्रू करणं' म्हणतात. आपला पंचवटीतला मेकॅनिक म्हणतो 'आऊट काढणं'. सायकल उलटी करतो, चाक फिरवतो, रिंगपाशी खडू धरतो, जिथे खडू लागेल तिथे आऊट. मग एका बाजूची तार पाव आटा आवळ, समोरची सैल कर, परत फिरव. एकदा विचारलं, "पूर्ण सरळ होतं का हो?" तर म्हणे, "दादा, ब्रेकला घासलं नाही म्हणजे सरळ." मला हे फार पटलं. गवंडी ओळंबा सोडतो, सुतार गुण्या लावतो, द्राक्षवाला नर्सरीत 'रोपं खात्रीची आहेत ना' विचारतो, इंग्रजीत या सगळ्याला ट्रूच चालतं. आपल्याकडे ज्याचा त्याचा शब्द वेगळा, पण प्रत्येक वेळी शेजारी काहीतरी धरून बघावं लागतंच.

व्हॉट्सॅपवर फॅमिली ग्रुपला 'सो ट्रू' लिहिणारे आमचे काका सोडून. त्यांनी आजवर काहीही धरून बघितलेलं नाही.

असो. त्या दिवशी धावतपळत खिडकीवर पोहोचलो, चारला दहा कमी. मॅडमनी गठ्ठा घेतला, शिक्के बघितले, सह्या बघितल्या आणि म्हणाल्या, "ओरिजिनल दाखवा." भाचीने फाइल उघडली. एलसी होतं, डोमिसाइल होतं. मार्कशीट नव्हतं. तीन ट्रू कॉप्या हातात, आणि जिच्या त्या कॉप्या ती झेरॉक्स मशीनच्या झाकणाखाली काचेवर पालथी पडलेली.

परत पळालो. टपरीवाल्याने न विचारताच ड्रॉवर उघडला, आत अजून चार-पाच जणांची पडली होती.

"यातली तुमची कुठली?"