बाजू घेतलीस म्हणून मार्क कापले

परवा आमच्याकडे एमएस्सीच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा झाली, ती अजून डोक्यातून जात नाहीये. मुलगी राजापूर तालुक्यातली, तिच्या पेपरचा मुद्दा तिचाच: सडा, म्हणजे कोकणातलं जांभ्या दगडाचं पठार, ही पडीक जमीन नव्हे, तिथे बांधकामाचे चिरे काढणाऱ्या चिरेखाणीला परवानगी देण्याआधी पावसाळ्यात पाहणी सक्तीची करा. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, संशोधन तटस्थ हवं, तू तर बाजू घेतलीस. आमच्यातले दोघं मान डोलावत बसले, पेपर उघडूनसुद्धा बघितला नव्हता त्यांनी.

अरे, भूमिका मांडणारा पेपर बाजू घेणारच ना! तो प्रामाणिक आहे की नाही हे बाजू कशी लढवलीय त्यावरून ठरतं. तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी 1958 मध्येच दाखवलंय की दावा आणि पुरावा यांच्यामध्ये एक न बोललेलं गृहीतक असतं, भांडण तिथे करायचं. सातबाऱ्यावर सडा पोटखराब म्हणून लागतो. म्हणजे तिथे पीक घेता येत नाही, एवढंच. पीक नाही म्हणून तिथे काहीच नाही, ही उडी वाचणारा स्वतः मारतो. हे तिच्या लक्षात आलं आणि पेपरचा नूरच पालटला. पाऊस सुरू झाला की कातळावर पांढरी दीपकाडी फुलते, मातीत कस नाही म्हणून दवबिंदू नावाची वनस्पती किडे धरून जगते, जांभ्यात मुरलेलं पाणी खाली वाडीतल्या विहिरींना लागतं. मे महिन्यात येणाऱ्या साहेबाला यातलं काय दिसणार, नुसता काळा कातळ! बारसू, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तीही याच सड्यांवरची.

विरोधी बाजू मात्र तिने आधी एका ओळीत उरकली होती, "काही लोकांचा याला विरोध आहे". मी म्हटलं, असं लिही की खाणवाल्याने वाचून म्हणावं, हो, हेच म्हणायचंय मला. मग तिने लिहिलं, ट्रकचे हप्ते, चिरे काढणाऱ्यांची मजुरी, त्या जमिनीतून मालकाला दुसरं काहीच मिळत नाही हे, आणि आपली घरं, आपलं कॉलेजही चिऱ्याचंच. म्हणाली, "सर, आता मलाच त्यांचं पटायला लागलंय." त्यानंतर तिने स्वतःहून बंदीची मागणी काढून पाहणीची घातली. परीक्षकांना ही भूमिका डळमळीत वाटली. मला विचाराल तर अख्ख्या पेपरातलं सगळ्यात भक्कम काम तेच, समोरच्याचं खरं ऐकल्याशिवाय दावा असा नेमका होतच नाही.

पेपरातला खरा कच्चा दुवा वेगळाच आहे. ही पाहणी करणार कोण, खर्च कोणाचा, आणि तोवर खाणमालकाने चार महिने थांबायचं का? हे कोणीच विचारलं नाही. आता त्याच परिच्छेदावर आम्ही बसलोय, आणि खर्च परवानगी मागणाऱ्यावर टाकायचा की सरकारवर, यावर आमचं दोघांचं अजून जमत नाहीये.